जपानचं आलं, आमचं न्हाई आलं! – ९ ऑगस्टच्या निमित्तानं

आज ९ ऑगस्ट. सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीप्रमाणे दिनविशेष पडला. वर गुलाबाचं फूल, खाली 'शुभ सकाळ' आणि मग यादी. ११७३, पिसाच्या मनोऱ्याचं बांधकाम सुरू. १९२५, काकोरी. १९३६, बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सचं चौथं सुवर्णपदक. १९४२, चले जाव, क्रांतिदिन. १९४५, नागासाकीवर अणुबॉम्ब. १९६५, सिंगापूर स्वतंत्र. १९७४, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पायउतार. शेवटी वाढदिवस, त्यात एक तेलुगू हिरो. त्याखाली भराभर अंगठे आणि हात जोडलेले.

यादीत चूक काहीच नाही. सगळ्या तारखा बरोबर आहेत. पण मी ती दोनदा वाचली आणि मग फोन उलटा करून ठेवला. त्यात चिंचवड नव्हतं. त्यात बऊर नव्हतं. ग्रुपवरचे सगळे राहतात चिंचवडमध्ये, पितात पवनेचं पाणी, आणि आजच्या तारखेला आपल्याच उंबऱ्यावर काय झालं होतं त्याचा यादीत एक शब्द नाही.

मंडळी, हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. ज्यानं यादी टाकली तो बिचारा रोज पहाटे उठून टाकतो. आणि खरं सांगायचं तर हीच चूक मी छापून केलेली आहे. तीच आधी सांगतो.

पत्रकारितेची पदविका घेऊन मी एका छोट्या स्थानिक दैनिकात लागलो तेव्हा नवीन पोराला पहिलं काम मिळायचं ते दिनविशेषाचं. तिसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. राशिभविष्य, सोनं-चांदीचे भाव आणि दिनविशेष. टेबलाच्या खणात एक जाड पुस्तक होतं, पानं निखळलेली, दोऱ्यानं बांधलेलं. त्यातनं आजची तारीख काढायची, सहा-सात ओळी उचलायच्या, जागा उरली तर दोन जन्म आणि एक मृत्यू वाढवायचा, जाहिरात आली तर तेवढ्याच कापायच्या. मी पुढे बातमीदार झालो, तरी ती चौकट अधूनमधून माझ्याच गळ्यात यायची.

९ ऑगस्ट २०१२ चा अंक असाच निघाला. चौकट मी भरली होती. काकोरी होतं, क्रांतिदिन होता, नागासाकी होतं.

सकाळी दूध घालायला येणारे मामा पवनेच्या काठच्या एका गावचे. दोन कॅन मोटरसायकलला लावून यायचे. माप ओतता ओतता म्हणाले, "पेपर वाचला तुमचा." मी म्हटलं, "काय मामा, कसा वाटला?" त्यांनी कॅनचं झाकण लावलं आणि म्हणाले, "जपानचं आलंय. आमचं न्हाई आलं."

मला अर्धा मिनिट कळलंच नाही. मग कळलं, आणि पायाखालची जमीन सरकली. कारण बरोबर एक वर्षापूर्वी, ९ ऑगस्ट २०११ ला, मीच त्या डेस्कवर बसलो होतो.

ज्यांना आठवत नाही किंवा जे नंतर इकडे राहायला आले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी कसं येतं? धरणातून पाणी नदीत सोडतात. ते नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्याला येतं. तिथं उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात आणि तिथून तुमच्या-माझ्या टाकीत. महापालिकेनं ठरवलं की हे पाणी नदीतून न आणता धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद पाइपमधून आणायचं. सुमारे ३५ किलोमीटरची जलवाहिनी. केंद्राच्या नेहरू नागरी अभियानातून त्यासाठी पैसे मिळणार होते.

मावळच्या शेतकऱ्याला प्रश्न पडला तो साधा होता. पाणी पाइपातनं गेलं तर नदीत काय राहणार? नदीकाठच्या मोटारी, विहिरी, ऊस, भात, जनावरं, सगळं त्या वाहत्या पाण्यावर. शिवाय पाइपासाठी जमीन जाणार ती वेगळी. आणि पवना धरणासाठी जमिनी दिलेल्यांपैकी शेकडो कुटुंबं तेव्हाही पुनर्वसनाची वाट बघत होती. धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. म्हणजे वाट बघता बघता एक पिढी संपली होती.

त्या दिवशी मंगळवार होता. शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले, कामशेतजवळ बऊरला. रस्ता अडवला. दगडफेक झाली, लाठ्या चालल्या आणि मग पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं गेली. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, शामराव तुपे. जखमी कितीतरी. टीव्हीवर दिवसभर तीच दृश्यं. विधिमंडळात गोंधळ, चौकशी आयोग, योजनेला स्थगिती.

आमच्या डेस्कवर फोन थांबत नव्हते. रात्री दीडला पान सोडलं तेव्हा हात थरथरत होता हे मला आजही आठवतं. आणि बारा महिन्यांनी मीच त्या जाड पुस्तकातून नागासाकी उतरवून काढलं आणि बऊर विसरलो. विसरलो म्हणजे काय, पुस्तकात नव्हतं म्हणून डोक्यातच आलं नाही. पुस्तक त्याच्या आधी छापलेलं. इतकं सोपं कारण.

तेव्हापासून मी म्हणतो की दिनविशेषाची यादी साधी दिसते, पण ती साधी नसते. कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलेलं असतं की या तारखेला जगात काय झालं. आपण ते उतरवून घेतो. उतरवणारा दुसऱ्या उतरवणाऱ्याकडून उतरवतो. या साखळीत कामशेतचा माणूस कुठेच नसतो, म्हणून कामशेतला काही झालेलंच नसतं.

आता आजच्याच तारखेची आपल्या अंगणातली दुसरी गोष्ट. ही तर दुःखाचीही नाही, अभिमानाची आहे, तरी आपल्याला माहीत नसते.

क्रांतिदिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचं गवालिया टँक मैदान येतं. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे इंग्रजांनी पुढाऱ्यांना उचललं. अरुणा असफ अलींनी मैदानावर झेंडा फडकवला. हे शाळेत शिकलो. पण पहाटे पकडलेल्या पुढाऱ्यांना नेलं कुठे? खास आगगाडीत बसवून घाट चढवून आपल्याकडे. नेहरू, पटेल, आझाद वगैरे कार्यकारिणीची मंडळी पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात गेली. गांधीजींना मात्र पुणे स्टेशनपर्यंत नेलंच नाही. त्यांना, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई आणि मीराबेन यांना अलीकडेच उतरवून मोटारीनं आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कुठल्या स्टेशनवर उतरवलं?

चिंचवड.

आपलं चिंचवड स्टेशन. जिथं आपण लोकलला लटकतो, जिथं रिक्षावाल्याशी भांडतो, ते. रविवार होता. चिंचवड तेव्हा मोरया गोसावींचं, चापेकरांचं छोटं गाव. पुण्यात गर्दी होईल याची सरकारला धास्ती असणार हे उघड आहे, म्हणून असं आडबाजूचं स्टेशन. पुढे सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई आगाखान पॅलेसमध्येच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही तिथेच गेल्या. गांधीजी सुटले ६ मे १९४४ ला. या सगळ्या बंदिवासाची सुरुवात आपल्या फलाटावर झाली होती.

आणि एक बघा. ती गाडी लोणावळ्याहून निघून कामशेतवरूनच चिंचवडला आली असणार, कारण रूळ तोच आहे. बऊर तिथून हाकेच्या अंतरावर. एकाच तारखेच्या दोन गोष्टी, मध्ये ६९ वर्षं, आणि दोन्ही एकाच लोकलच्या वाटेवर.

इथं कुणी म्हणेल, हा निव्वळ योगायोग आहे राव. वर्षाला ३६५ दिवस, घटना लाखो, कुठल्याही तारखेला काहीतरी सापडणारच. बरोबर आहे. पिसाचा मनोरा आणि निक्सन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दिनविशेषातल्या निम्म्या ओळी अशाच असतात, एका डब्यात योगायोगानं बसलेल्या प्रवाशांसारख्या.

पण सगळ्या तशा नसतात. काही तारखा माणसं मुद्दाम निवडतात. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, पण अमलात आणली २६ जानेवारी १९५० ला. का थांबले? कारण २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती. ती तारीख वाया जाऊ द्यायची नव्हती. १५ ऑगस्टचं तेच. माउंटबॅटननं तो दिवस निवडला, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपाननं शरणागती पत्करली होती.

लांब कशाला जाता, आपल्या चापेकर बंधूंचं घ्या. रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ ला. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीत होता. प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून अत्याचार करणाऱ्या साहेबाला त्याच दिवशी गाठायचं, हा बेत होता. म्हणजे राणीनं आपल्या उत्सवासाठी जी तारीख ठेवली होती, ती चिंचवडच्या पोरांनी कायमची आपल्या नावावर करून घेतली.

९ ऑगस्टचंही असंच झालं आहे. क्रांतिदिन म्हणून या दिवशी मोर्चे, धरणं, रास्ता रोको ठेवायची आपल्याकडे रीतच पडली. कामगार संघटना हा दिवस धरतात. २०१६ ला मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा औरंगाबादला निघाला तो ९ ऑगस्टला. २०१७ ला मुंबईचा मोर्चा ९ ऑगस्टला. २०१८ चा महाराष्ट्र बंद ९ ऑगस्टला, आणि त्याच्या दहा दिवस आधी, ३० जुलैला, आपल्या चाकणला काय पेटलं होतं ते चाकणकरांना सांगायला नको. म्हणजे तारीख ही नुसती भिंतीवरची चौकट नाही. एक तारीख दुसरीला हाक मारते. ज्याला आधीची माहीत असते तो पुढची निवडतो.

म्हणूनच यादीतून एखादी ओळ गळते तेव्हा फक्त सामान्य ज्ञान कमी होत नाही. हाकेला ओ देणारा माणूस कमी होतो.

आता अवघड भाग. हा लिहावा की नाही असा दोन दिवस विचार करत होतो. कारण यात मी स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

बऊरला ज्या पाण्यावरून गोळी चालली, ते पाणी मी पितो. तुम्ही पिता. २००१ च्या जनगणनेत या शहरात दहा लाखांच्या आसपास माणसं होती. २०११ ला, म्हणजे गोळीबाराच्याच वर्षी, १७ लाख २७ हजार. त्यानंतर किती वाढली ते वाकड, रावेत, मोशी, चऱ्होलीचे टॉवर बघून समजून घ्या. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी आहे. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर. टँकर कुठून पाणी आणतो हे कुणी विचारत नाही, उशीर झाला की मात्र ग्रुपवर आग लागते.

शहराचं म्हणणं खोटं नाही. उघड्या नदीतून पाणी येताना वाटेत नाले मिसळतात, पाणी झिरपतं, जिरतं, शुद्ध करायचा आणि उचलायचा खर्च वाढतो. पाइप टाकला तर हे वाचेल. मावळचंही म्हणणं खोटं नाही. नदी म्हणजे तुमच्यासाठी पाणी आणायचा नळ असेल, आमची ती नदी आहे. दोन्ही बाजूंना तहान आहे. प्रश्न सुटायचा तर दोघांनी समोरासमोर बसायला हवं होतं. नदीत बारा महिने किती पाणी सोडणार, ते कागदावर लिहून द्यायला हवं होतं. धरणग्रस्तांचं आधी मिटवायला हवं होतं. त्याऐवजी स्थगितीचा कागद आला आणि सगळे गप्प बसले. वर्षानुवर्षं.

२०२३ ला स्थगिती उठल्याची बातमी आली आणि मावळात पुन्हा विरोध उभा राहिला. तेव्हा मी शहरातल्या काही तरुण इंजिनिअर मित्रांशी बोललो. चांगली पोरं आहेत, हुशार आहेत. एकानं विचारलं, "पण हे गाववाले विकासाला विरोध का करतात?" मी म्हटलं, "तुला बऊर माहीत आहे का?" म्हणाला, "एक्स्प्रेसवेवर आहे ना काहीतरी?" त्याचा दोष नाही. तो २०१५ ला नोकरीसाठी इकडे आला. त्याला कुणी सांगितलंच नाही. मात्र मावळातल्या पोराला ते रोज सांगितलं जातं. एका बाजूला सगळं आठवतं, दुसऱ्या बाजूला काहीच माहीत नाही, आणि मग आपण म्हणतो चर्चा होत नाही. होणार कशी?

भामा आसखेडच्या धरणग्रस्तांचीही हीच कथा आहे. पाणी पुण्याला, आंदोलन खेड तालुक्यात. आंद्रा धरणाचं पाणी निघोजेच्या बंधाऱ्यातून उचलून चिखलीला येतं, म्हणजे त्याची दुसरी बाजूही कुठल्या तरी गावात आहे. आपला हा सगळा औद्योगिक पट्टा, पिंपरीपासून चाकणपर्यंत, कुणाच्या तरी शेतावर आणि कुणाच्या तरी पाण्यावर उभा आहे. त्यात पाप नाही. पण त्याची नोंद ठेवायची नाही, हे बरोबर नाही.

यावर दोन आक्षेप येतात ते मला माहीत आहेत. मागच्या वर्षी कमेंटमध्ये आलेच होते.

पहिला : "जुन्या जखमा कशाला उकरता?" अहो, जखम बरी झाली असती तर उकरायचा प्रश्न होता. पाणीवाटप तिथंच आहे, पुनर्वसन तिथंच आहे. आपण खपली नाही, फक्त पट्टी बघतोय.

दुसरा : "हे सगळं राजकारण आहे. दर ९ ऑगस्टला पुढारी हार घालतात आणि जातात." हे खरं आहे. आणि गंमत बघा, २०११ ला कोण सत्तेत, कोण विरोधात आणि त्यानंतर कोण कुणाच्या शेजारी बसलं, याचा हिशेब मांडायला बसलात तर डोकं गरगरेल. तेव्हा गोळीबाराच्या निषेधाच्या घोषणा देणारे आणि तेव्हा खुलासे करणारे पुढे एकाच मांडवात दिसले. पण याचा उपाय विसरणं हा नाही. पुढारी फक्त हार लक्षात ठेवतात, कारण आपण त्यांना हारापलीकडचं काही विचारत नाही.

हारापलीकडचं म्हणजे काय? आजच्याच यादीतल्या नागासाकीकडे बघा. तिथं दर ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, बॉम्ब पडला त्या वेळेला, शहर थांबतं. घंटा वाजते. महापौर शांततेचं निवेदन वाचतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे मृतांच्या नावांची एक नोंदवही आहे, आणि बॉम्बमधून वाचलेल्यांपैकी जे त्या वर्षात गेले त्यांची नावं त्यात दरवर्षी नव्यानं लिहिली जातात. इतक्या वर्षांनंतरही. म्हणजे तिथं आठवण म्हणजे भाषण नाही, काम आहे. कारकुनी काम. वही काढा, नाव लिहा, पुढच्या वर्षी परत काढा.

मला आपल्याकडे नेमकं हेच हवं आहे. स्मारक नको, कमान नको, फ्लेक्स तर अजिबात नको. एक वही हवी. पिंपरी-चिंचवड, मावळ, खेडचा स्वतःचा दिनविशेष.

आणि त्या वहीत आपल्या नेहमीच्या यादीपेक्षा एक रकाना जास्त हवा. पहिला रकाना तारीख. दुसरा, काय झालं. तिसरा, पुढे काय झालं. सगळा खेळ या तिसऱ्या रकान्यात आहे. तो नसतो म्हणून दिनविशेष म्हणजे गुलाबाच्या फुलाखालची करमणूक होते.

नमुना म्हणून चार ओळी देतो.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं. पुढे काय झालं? गाव नवीन वसवलं. पण डोंगराच्या कुशीतल्या बाकीच्या गावांचं?

८ डिसेंबर २०२३. तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्याला आग. त्या दिवशी सहा कामगार गेले, पुढच्या दिवसांत आकडा वाढत गेला. बहुतेक बाया, पोटासाठी आलेल्या. पुढे काय झालं? अशा किती शेड अजून चालू आहेत?

१५ जून २०२५. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार जण गेले. पुढे काय झालं?

९ ऑगस्ट २०११. बऊर. तीन जण गेले. पुढे काय झालं?

हा रकाना भरायला मोठा इतिहासकार लागत नाही. शाळेतली पोरं भरू शकतात. नववीच्या मुलांना 'पर्यावरण दिनाचे महत्त्व' यावर तोच तोच निबंध लिहायला लावण्यापेक्षा सांगा की आजीला विचार, धरणात तुमचं काय गेलं? वाचनालयात जाऊन जुना अंक काढ. सरकारी कागद हवा तर माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा ते सर शिकवतील. स्पर्धा परीक्षा देणारी आपली कितीतरी पोरं रोज दिनविशेष पाठ करतात. पिसाचा मनोरा कधी सुरू झाला ते त्यांना तोंडपाठ आहे. उद्या यातलाच कुणी तहसीलदार होईल, कुणी फौजदार. बऊर माहीत असलेला फौजदार आणि बऊर माहीत नसलेला फौजदार, रास्ता रोकोसमोर उभे राहिले तर दोघं सारखेच वागतील असं मला वाटत नाही.

महापालिकेला एकच विनंती. वर्षाला डायरी आणि कॅलेंडर छापताच, त्यात मान्यवरांचे फोटो असतात. ते राहू द्या. पण खाली बारीक अक्षरात का होईना, या मातीतल्या तारखा छापा. आनंदाच्याही छापा. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाला आपलं पेनिसिलिन मिळालं. ४ मार्च १९७० ला नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका. आणि ९ ऑगस्टच्या चौकटीत दोन ओळी. १९४२, चिंचवड. २०११, बऊर. शेजारी शेजारी. एक अभिमानाची आणि एक लाजेची. शहराचं मन एवढं मोठं हवं.

माझ्या बाजूनं मी सुरुवात केली आहे. दोनशे पानी वही घेतली आहे, पहिल्या पानावर आजची तारीख आहे. तुमच्या गावची, कारखान्याची, वाडीची तारीख माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये टाका. नक्की तारीख, ठिकाण, आणि कुठे छापून आलं असेल तर त्याचा फोटो. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं लिहा, मी पडताळून मगच वहीत घेईन. कृपया शिवीगाळ नको, पक्षाचे झेंडे नकोत.

राहिले दूधवाले मामा. त्यांनी म्हशी विकल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा चाकणला कंत्राटी कामाला जातो. २०१३ च्या ९ ऑगस्टला मी चौकटीत बऊरची ओळ घातली होती, दोन ओळी भांडून मिळवल्या होत्या. सकाळी दाराशी उभा राहून वाट बघत होतो, मामा काय म्हणतात ते ऐकायला. त्यांनी माप ओतलं, पैसे घेतले, गाडीला किक मारली. मग गाडी बंद करून म्हणाले, "आलं बरं का आमचं. पण साहेब, पुढं काय झालं ते न्हाई आलं."

तिसरा रकाना माझ्या डोक्यातला नाही. तो त्यांचा आहे.

आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे. साडेसातला नळ आला. बादली भरताना एवढं मनात आलं, ते लिहून टाकलं.

#नऊऑगस्ट #आपलादिनविशेष